चौथं फूल

"आज मी पेटी फोडतो, माय," जगदेव म्हणाला आणि त्यानं घण भिंतीला टेकवून ठेवला, आईच्या नजरेला पडेल असा.

प्रयागबाई देवघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. मांडीवर सागवानी पेटी. चुलीपुढं सून विजयमाला भाकरी थापत होती आणि भाजक्या ज्वारीचा वास देवघरापर्यंत येत होता. त्या वासाकडं लक्ष जाऊ नये म्हणून त्यांनी पदराचं टोक नाकाशी धरलं होतं.

"फोडजो. पन मले विचारून फोडजो," त्या म्हणाल्या.

"विचारूनच राह्यलो ना."

"मंग नको फोडू."

त्यांचा आवाज कधी चढत नसे. आवाज चढवणाऱ्याला वाटे, आपणच भिंतीशी भांडतो आहोत. जगदेव तसाच उभा राहिला, मग घण तिथंच ठेवून गोठ्याकडं निघून गेला. बैलांवर मात्र त्याचा आवाज चढलेला ऐकू आला.

रिसोडच्या वेशीबाहेरच्या त्या घरात देव म्हणजे चांदीचे पाच टाक. झिजून झिजून चेहरे पुसट झालेले, पिंपळपानासारखे पातळ. प्रयागबाई लग्न होऊन आल्या तेव्हा सासूनं ते त्यांच्या ओंजळीत घातले होते आणि नेम दिला होता: देव हातानं न्हाऊ घालायचे, गंधफूल करायचं, नैवेद्य दाखवायचा, मगच तोंडात अन्नाचा कण. अडचणीच्या दिवसांत दुसऱ्या कुणी पूजा करायची आणि यांनी दुधावर राहायचं. मानमोडीच्या साथीत घरोघर माणसं आडवी झाली, तेव्हाही अंगातल्या तापानिशी त्या देवापुढं बसल्या होत्या. नेम चुकला नव्हता. त्याचा त्यांना गर्व नव्हता. गर्व येईल म्हणून त्या कुणाजवळ ते बोलतही नसत.

आणि आता तेच टाक या पेटीत अडकले होते.

पेटी त्यांच्या मालकांची. मालकांचं नाव शालिग्राम, पण ते गावानं घ्यायचं; प्रयागबाईंच्या तोंडी ते "जगदेवचे बाबा". या माणसाला कोड्यांचं भारी वेड. एका जोग्याकडून त्यांनी लोखंडी कड्यांचा गोरखधंदा घेतला होता, एकात एक अडकलेल्या कड्या सोडवायचा. खळ्यावर मळणी चालू असली तरी हे कडबा टेकून बसत आणि कड्या फिरवत. प्रयागबाई म्हणत, "येवढा येळ देवाच्या नावानं माळ ओढली असती तं पुन्य तरी लागलं असतं." ते हसत. "तुही माळ अन् माह्या कड्या, दोन्ही फिरवाच्याच हायत ना." बाईंना ते बोलणं पाप वाटे, त्या कानाला हात लावत.

मग बाजारपेठेतल्या इस्माईल लोहाराकडून त्यांनी ही पेटी करवून आणली. कुलूप नाही, किल्ली नाही. झाकणावर पितळेची चार फुलं, आणि ती कशी तरी फिरवली की पेटी उघडते. साऱ्या बाजूंनी लोखंडी पट्ट्या. देवघराची भुई खचली आणि नवी फरशी बसवायची ठरली, तेव्हा देव कुठं ठेवायचे हा प्रश्न आला. मालकांनी टाक लाल कपड्यात बांधले आणि पेटीत ठेवले. "चार दिवसाचं काम हाय. रोज पूजेपुरते मी काढून देईन. माह्या पेटीइतकी पक्की जागा साऱ्या रिसोडात नाई," म्हणाले. त्या दिवशी सकाळची पूजा आधीच आटोपली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते ओसरीवर पडले. लकवा. उजवं अंग गेलं आणि उजव्या अंगाबरोबर बोलणंही गेलं. माणसं ओळखू येत, डोळ्यांतून पाणी येई, पण तोंडातून निघे तो नुसता आवाज. पेटी त्यांच्यापुढं धरली तर डावा हात फुलांवरून फिरे, थरथरे आणि गळून पडे. मग ते तोंड भिंतीकडं करत. दोनदा असं झाल्यावर प्रयागबाईंनी पेटी त्यांच्यापुढं नेणं सोडलं.

फरशी बसली. देव्हारा धुतला गेला. देव मात्र पेटीतच.

गुरुजींनी सांगितलं, सुपारी मांडून पूजा करा, चालतं. प्रयागबाईंनी हात जोडून ऐकलं आणि ते गेल्यावर सुनेला म्हणाल्या, "घरधनी घरात हाय, अन् त्याचं ताट दुसऱ्यापुढं मांडू? मले नाई जमत, माय." मालक पडले त्या दिवसापासून त्या दुधावर होत्या. मालकांना कुशीवर वळवायचं, उचलून बसवायचं, पेज भरवायची, सगळं त्याच करत. काल त्यांना उचलताना डोळ्यांपुढं अंधारी आली होती आणि दोघंही खाटेच्या कडेला कोसळता कोसळता वाचले. जगदेवनं ते पाहिलं होतं. घण त्यासाठी निघाला होता.

त्याचं चुकत नव्हतं. पण पट्ट्यांवर घण बसला की आतले पिंपळपानासारखे टाक चेपणार, हे लहान पोरालाही कळलं असतं. आणि दुसरी गोष्ट प्रयागबाई बोलत नव्हत्या. खाटेवरच्या माणसाचं आता काहीच त्याच्या हाती राहिलं नव्हतं. ही पेटी तेवढी राहिली होती. ती त्याच्या देखत फोडायची?

पेटीशी प्रत्येकानं आपापल्या परीनं झुंजून पाहिलं होतं. जगदेवला कोडं म्हणजे कुणीतरी आपली थट्टा करतंय असं वाटे. तो फुलं ओढायचा, दाबायचा, दोन घटकांत कपाळाची शीर उठायची आणि पेटी आदळायची. "हे काय मानसाचं काम हाय? सरळ कडी लावा, सरळ कुलूप लावा." त्या वर्षी वाशीमहून रिसोडला मोटारलॉरी येऊ लागली होती, ती मात्र तो तासन्‌तास बघत उभा राही, कारण तिचं चाक फिरलं की ती पुढं जायची.

विजयमालेला गंमत वाटे. किन्हीराजाच्या माहेरी तिच्या आजीनं तिला कितीतरी कोडी घातली होती. हसत हसत, गाणं म्हणत ती पेटी घेऊन बसली आणि तीन फुलं तिनंच सोडवली: पहिलं डावीकडं फिरवलं, दुसरं खाली सरकवलं, तिसरं आत दाबलं. प्रत्येकाला आतून खट्‌ असा आवाज आला. चौथं हललं नाही. तिनं पाचसहा वेळा पाहिलं आणि पेटी बाजूला ठेवली. "नाई जमत तं नाई जमत, आत्याबाई. मले आता पीठ मळाचं हाय." तिच्या मनाला त्याचा ओरखडाही उठला नाही.

शेजारचे पुंजाजी रोज येत. पेटीला त्यांनी एकदाही हात लावला नव्हता.

"याच्यात काई नाई," खाटेशी टेकून ते म्हणत. "उजेड बराबर पडत नाई म्हून. नाई तं मी एका चुटकीत."

"अंगनात आनून देऊ का, पुंजामामा?" विजयमालेनं विचारलं होतं.

"अंगनात ऊन लई हाय."

प्रयागबाई रोज दुपारी मालक झोपले की पेटी घेऊन बसत. चौथ्या फुलाला त्यांनी तेल सोडलं, नवस बोलला, डोळे मिटून नामस्मरण करत ते फिरवून पाहिलं. फूल म्हणजे फूल, जागचं हललं नाही.

जगदेव गोठ्यातून परत आला तेव्हा त्या उठून लुगडं सारखं करत होत्या.

"कुठं निंघाली?"

"पेठेत. इस्माईलभाईकडं."

"मी जाऊन आलो ना तिकडं. नाई म्हनते तो म्हातारा. मी त्याले शिव्या देऊन आलो."

"म्हूनच मी जातो," प्रयागबाई म्हणाल्या. "घण आज संध्याकाळलोक तिथंच राहू दे. मी आल्यावर पाहू."

पेटी कडेवर घेऊन त्या चालत निघाल्या. वाटेत दोनदा थांबावं लागलं. एकदा मारुतीच्या पारावर, एकदा कुणाच्या तरी ओट्यावर. कुणी विचारलं तर म्हणत, "ऊन लागलं थोडं."

इस्माईल भात्यापुढं बसला होता. दाढी पांढरी, भुवया जळून अर्ध्या राहिलेल्या. बाईंना पाहून तो उठला, घोंगडी झटकून टाकली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी मान हलवली.

"सकाळपासून पानी तरी पेल्या का बाई?" त्यानं विचारलं.

"दूध पेली. तुमचं पानी चालत नाई म्हून नाई, भाई. चालून आली, आता पेलं तं उमासन."

तो बसला. पेटीकडं पाहिलं आणि नजर वळवली.

"तुमचा पोरगा आला होता. तो बोलला त्याचा मले राग नाई. त्याच्या जागी मी असतो तं मी बी बोललो असतो. पन बाई, माह्या उस्तादानं मले हा हुन्नर देला तवा कुराणावर हात ठेवून कसम देली. ज्यानं पेटी घेतली, त्यानं सोता आपल्या तोंडानं म्हनलं, तवाच खोलाची. तवाच सांगाची. बायकोले नाई, पोराले नाई, भावाले नाई. कायले, तं उस्तादानं एक डाव भेद सांगतला अन् चोरी झाली होती. घरच्याच मानसानं केली होती."

"त्याहिचं तोंडच गेलं, भाई."

"ठाऊक हाय मले. भेटून आलो ना मी. मी हात धरला तं रडले."

भट्टीतले निखारे राखाडले. मग इस्माईलनं हात चोळले आणि खाली बघत म्हणाला, "तुमचं तोंड उतरलं हाय, बाई. खुदा मले पाह्यते अन् तुमाले बी पाह्यते. तुमी म्हना. तुमी एक डाव म्हना, मी खोलतो. कसमेचं मी माहं पाहून घेईन."

प्रयागबाईंच्या मनात काय आलं नाही? घरची भाकरीची टोपली आली, न्हाऊ घातलेले देव आले, त्यांच्यापुढं वाढलेलं पान आलं. 'म्हना' एवढंच तर सांगत होता तो. त्यांनी पेटीच्या पट्टीवर अंगठा फिरवला.

"तुमची कसम मोडून माहा नेम पाळू?" त्या म्हणाल्या. "असा पाळलेला नेम देव कोन्या हातानं घेईन? नाई भाई. तुमी तुमचं राखा. मी माहं राखतो."

म्हाताऱ्यानं मान वर केली.

"मंग एक करतो," तो म्हणाला. "पेटीचं बोलत नाई. मानसाचं बोलतो. त्याची काई कसम नाई."

त्यानं मागच्या फळीवरून कड्यांचा एक गुंता काढून त्यांच्यापुढं टाकला. "पेटी करून द्या म्हून कोनी आला का मी त्याच्या हाती आधी हे देतो. गप बसतो, पाह्यतो. एक जन ओढते. एक जन हलवून हलवून पाह्यते अन् हसते. एक जन कड्याकडं नाई, माह्या तोंडाकडं पाह्यते, मी कुठं हसतो म्हून. सारेच अडकतात, पन आपापल्या जागी अडकतात. त्याच जागी मी त्याच्या पेटीतला खटका ठेवतो. चोर आला तं तो बी मालकासारखाच अडकन, असं नाई. पन मालकाले खोलाले मजा आली पाह्यजे. ज्याचा कमीपना त्यानं सोता जितला त्यालेच मजा येते. तुमच्या मालकाले मी पुरा पंधरवडा इथं बसवलं होतं. कुठं अडकतात ते पाह्यलं अन् पेटी बनवली. पह्यले पह्यले मले लई शिव्या घालत. मंग एक दिवस आले अन् पेढे देऊन गेले."

"पेढे?" प्रयागबाईंना ठाऊक नव्हतं. घरी एकही पेढा आला नव्हता.

"इथंच बसून खाल्ले आमी दोघांनं." इस्माईलच्या दाढीत हसू हललं. "मी पंधरा दिवस पाह्यलं, बाई. तुमी तं जिनगी पाह्यली असन. याच्या पुढं मले इचारू नोका."

त्यांनी काही विचारलं नाही. पेटी उचलली, वाकून नमस्कार केला आणि निघाल्या.

जाताना लागली नव्हती एवढी वाट परतताना लांब लागली, कारण मन मागं मागं जात होतं. हा माणूस कुठं अडकायचा? रागीट होता का? होता, पण राग घडीभराचा. आळशी? नाही. लोभी? मुळीच नाही. मारुतीच्या पारावर त्या टेकल्या आणि त्यांना मेडशीची वाट आठवली. नणंदेच्या लग्नाला गाडी जुंपून निघाले होते. फाट्यावर चुकले. गाडीवाल्यांनी हाका मारल्या, वाट मागं राह्यली, फिरा. हे म्हणाले, एवढं आलो तेवढं पाण्यात घालू का? आणि गाडी नाल्यात घातली, धोंड्यांतून काढली, कुणाच्या कपाशीतून नेली. अक्षता पडून गेल्या तेव्हा मांडवात पोचले. आखूड शिंगाचा तो मारका बैल घेतला, साऱ्या गावानं परत कर म्हटलं, तो मरेपर्यंत दावणीला ठेवला. थोरल्या भावाशी शब्दाला शब्द लागला. शब्द मागं घ्यायला हवा होता हे रात्री बायकोपाशी कबूल करायचे, पण घेतला नाही. चुकलंय हे कळायचं. मागं फिरणं तेवढं जमायचं नाही.

प्रयागबाई घरी आल्या. जगदेव ओसरीवर बसला होता.

"काय म्हने?"

"काई नाई म्हने. त्याची कसम हाय."

"मंग झालं तं." तो उठला.

"बस, जगदेव. सांज झाली का? मी संध्याकाळलोक म्हनलं होतं."

तो बसला. विजयमाला विहिरीवर गेली होती. प्रयागबाई हातपाय धुऊन देवघरात गेल्या आणि रिकाम्या देव्हाऱ्यापुढं पेटी मांडीवर घेऊन बसल्या.

विजयमालेनं फुलं कशी सोडवली ते त्यांनी मनात पुन्हा ऐकलं. पहिलं फूल डावीकडं. खट्‌. दुसरं खाली. खट्‌. तिसरं आत. खट्‌. सुनेनं सोडवलेली तीन फुलं. ती मिळाल्यापासून घरात कुणीच त्यांना पुन्हा हात लावला नव्हता. सारा जोर चौथ्यावर. आणि हे मागं न फिरणं फक्त मालकांचंच होतं असंही नाही, त्यांच्या ध्यानात आलं. त्या स्वतः तरी काय वेगळ्या होत्या? एकदा उघडलेलं पुन्हा मिटायचं म्हणजे हाती आलेलं टाकून देणं. मांडलेला संकल्प मागं घ्यावा तसं ते वाटत होतं, आणि संकल्प त्यांनी जन्मात मागं घेतला नव्हता.

त्यांनी पहिल्या फुलावर बोट ठेवलं आणि काढून घेतलं. पुन्हा ठेवलं. मिटलं आणि मग तिन्ही फुलं पुन्हा कधी जमलीच नाहीत तर? बाहेर घण होता.

तेव्हा त्यांना स्वतःची बोटंच दिसली. याच बोटांनी रोज माळ ओढतात. मेरुमणी आला की तो ओलांडत नाहीत. माळ उलटी फिरवतात आणि आल्या वाटेनं परत जप चालू होतो. त्यात कधी काही गमावल्यासारखं वाटलं नव्हतं. उलट तोच नेम होता.

त्यांनी पहिलं फूल उजवीकडं फिरवून होतं तिथं आणून ठेवलं. आतून आवाज आला, पण खट्‌ असा नव्हे. काहीतरी जड, सावकाश सरकल्यासारखा. चौथ्या फुलाला त्यांनी बोट लावलं. ते लोण्यातून निघावं तसं वर आलं आणि झाकण सुटलं.

त्या लगेच उठल्या नाहीत. लाल कपडा तसाच होता, गाठही तीच. छातीत काहीतरी उसळत होतं आणि ते नुसतं देव मिळाल्याचं नव्हतं. दुसरंही काही होतं, थोडं पोरकट, लहानपणी चिंच पाडल्यावर व्हायचं तसलं. एकट्यानं पेढे घेऊन लोहाराच्या दुकानात जाऊन बसावंसं वाटायला लावणारं. त्यांनी त्याला पाप म्हटलं नाही.

मग आंघोळ केली. देवांना कोमट पाण्यानं न्हाऊ घातलं, एकेक टाक पुसून जागी ठेवला. घंटेचा आवाज ऐकून जगदेव धावत आला आणि दारातच थबकला. पाण्याची घागर कडेवर तशीच घेऊन विजयमालाही आली.

"आत्याबाई, खुललं? कसं खुललं?"

"नैवेद्य आन आधी."

भाकरी, वरण, भाजी. नैवेद्य झाला. जगदेव आईपुढं ताट घेऊन बसला आणि पहिला घास त्यानंच भरवला. त्यांना तो पटकन गिळता आला नाही. दुधाची सवय झालेल्या घशाला ज्वारी खरखरीत लागली.

"सांग ना माय, कसं केलं?"

"नाई सांगत."

"अशी कशी नाई सांगत? मी पोरगा हाव तुहा."

"पोराले नाई, बायकोले नाई," त्या म्हणाल्या आणि पुढचा घास घेतला. "इस्माईलभाईनं मले सांगतलं नाई. मी कोनाले सांगत नाई. पाह्यजे तं पेटी घे अन् बस."

"मी?" जगदेवनं हात झटकले. "मले कायले पाह्यजे हे झंझट. देव भायेर आले, झालं." तो उठला, घण खांद्यावर टाकला आणि जागेवर ठेवायला घेऊन गेला. विजयमाला मात्र पेटीकडं पुन्हा एकदा बघत होती, आता जरा वेगळ्या नजरेनं.

संध्याकाळी प्रयागबाईंनी मालकांना तक्क्याला टेकवून बसवलं. आज उचलताना अंधारी आली नाही. कपाळाला देवाचा अंगारा लावला. मग मोकळी पेटी झाकण लावून, चारी फुलं मिटवून, त्यांच्या डाव्या मांडीवर ठेवली.

मालकांनी पेटीकडं पाहिलं, मग देवघराकडं. तिथं दिवा होता आणि दिव्यामागं टाक चमकत होते. त्यांचे डोळे बायकोवर येऊन थांबले.

"हो," त्या म्हणाल्या. "म्याच खोलली. पेढे नाई आनले पन."

तोंडाची डावी बाजू हलली. रडू होतं की हसू, कळलं नाही. ते भिंतीकडं तोंड वळवू लागले तशी प्रयागबाईंनी त्यांचा डावा हात उचलून पहिल्या फुलावर ठेवला.

"तिकडं नोका पाहू. आजपासून रोज. माही पूजा झाली का तुमी हे घेऊन बसाचं. उजवा नाई तं डावा."

हात घसरला. प्रयागबाईंनी पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. दारातून विजयमाला म्हणाली, "आत्याबाई, थकले असतीन बाबा. थोडं फिरवून द्या ना तुमी."

"नाई," प्रयागबाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्याहिचं त्याहिले करू दे."

त्यांनी माळ काढली आणि खाटेशी भुईवर बसल्या. माळ निम्मी झाली असेल नसेल, वर खट्‌ असं वाजलं. त्यांनी मान वर केली नाही. मणी पुढं सरकवला.